आठ दिवसांत पोट शांत होतं

“बाई, परत घ्यावं लागेल,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याची ही पाचवी वेळ. पहिल्या दोन वेळा तिला वाटलं, आपलाच एखादा शब्द घसरला असेल. तिसऱ्या वेळी तिने खुर्ची बदलली, कारण खुर्च्या कुरकुरतात. चौथ्या वेळी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. पाचव्या वेळी मात्र बोलायच्या आधी तो खाकरला, चष्मा काढून पुसत बसला, आणि बावीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच तिच्याकडे न बघता म्हणाला, “राग मानू नका बाई. पोट बोलतंय तुमचं.” तिला आधी हसू आलं. मग कानांच्या पाळ्या तापल्या. शाळेत असताना वर्गासमोर उभं करून कोणी नखं तपासली होती, तसं काहीसं वाटलं. “माझं?” ती म्हणाली, जणू त्या बंद खोलीत आणखी कोणी पोट घेऊन बसलं होतं. त्याने तिच्या हेडफोनमध्ये ते वाक्य सोडलं. तिचाच आवाज, स्वच्छ, सगळ्यांनी वाखाणलेला: ‘सुरुवातीला गॅस होतो, पोट फुगतं, कुरकुर होते. घाबरू नये. आठ दिवसांत पोट शांत होतं.’ आणि ‘शांत’वर, अगदी नेम धरल्यासारखा, शेजारच्या खोलीत कोणी जड कपाट सरकवावं तसा तो दुसरा आवाज. सुरू झाला, अडखळला, वळसा घेऊन पुन्हा आला. शेवटी एक बारीक, लांबट सूर, प्रश्न विचारल्यासारखा.

हे आपल्या आतून येतं, यावर तिचा विश्वास बसेना. म्हणजे पोट दुखतं, फुगतं, दुपारी साडीची गाठ सैल करावी लागते, हे सगळं तिला ठाऊक होतं. तीन वर्षांचा तो रोजचाच पाहुणा. पण दुखणं आपलं आपल्याजवळ असतं. आवाज झाला की ते चारचौघांचं होतं. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसांसाठी ती पुस्तकं वाचायची. बावीस वर्षांत दोनशेच्या वर पुस्तकं या खोलीत, याच टेबलाशी, याच काचेसमोर. घसा बसला असताना वाचलं, आई गेली त्याच्या तेराव्या दिवशी वाचलं, आणि तिच्या आवाजात कधी कोणाला काही सापडलं नाही. तिला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान धरावा असं तिच्याजवळ दुसरं फारसं नव्हतंही. आता हे पुस्तक. जाडीला बेताचं, भाषेला त्याहून बेताचं. पण लेखक नवरा.

नवऱ्याला सगळे कच्चेकाका म्हणत. आधी पाठीमागून म्हणत, मग तोंडावर. आणि गेल्या वर्षापासून तो स्वतःच फोनवर ‘कच्चेकाका बोलतोय’ असं म्हणायला लागला. निवृत्त होईपर्यंत तो भूमापन खात्यात नकाशे काढायचा. तेव्हा त्याला नावच नव्हतं, नुसता हुद्दा होता. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, दहा दिवस हॉस्पिटल झालं, आणि परत आला तो कुठल्याशा शिबिराचा पत्ता खिशात घेऊन. शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, हे वाक्य तो तिथून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याने गॅसची शेगडी ओट्यावरून उचलली आणि दोन मजले खाली राहणाऱ्या विधवा बहिणीला देऊन टाकली. ओट्यावर शेगडीच्या जागी एक चौकोन राहिला, आजूबाजूच्या दगडापेक्षा उजळ. किती घासला तरी तो चौकोन गेला नाही. तिला मात्र कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे ती स्वतःला वरचेवर सांगायची, कारण ते खरं होतं आणि तिथेच सगळी अडचण होती. हॉस्पिटलच्या त्या लांब, फिनाइलच्या वासाच्या बोळात, तो आत आणि ती बाहेर, तिने स्वतःहून ठरवलं होतं: हा वाचला तर हा जे खाईल ते मी खाईन, एक घास वेगळा खाणार नाही. तो वाचला. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. बत्तीस वर्षांत एकदाच. तेवढ्या पाण्यावर तिने तीन वर्षं काकडी खाल्ली.

काकडी, गाजर, कोबी, मोड आलेले दाणे, भिजवलेले बदाम, आणि फळं. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, पोटात कोणी फुगा फुगवतंय. ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, “जुनं विष बाहेर पडतंय.” दुसऱ्या महिन्यात म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, “तू चावत नाहीस नीट. बत्तीस वेळा चावायचं.” मग ती बत्तीस मोजायला लागली. जेवताना बोलणं थांबलं, कारण बोललं की आकडा चुकायचा. नंतर एकेक उपाय येत गेला आणि ती तो घोकलेल्या धड्यासारखा पाळत गेली. दाणे रात्रभर भिजवून पाणी फेकून द्यायचं. कोबी बारीक किसून, मीठ चोळून तासभर ठेवायचा म्हणजे तो मऊ पडतो. काकडीचं साल काढायचं. फळं जेवणावर खायची नाहीत, वेगळी खायची. जेवताना पाणी नाही. आल्याचा रस, बडीशेप. आणि रात्रीच्या जेवणानंतर पाऊण तास चालायचं. एवढं करून त्रास थोडा कमी व्हायचा. आल्याने तर खरंच बरं वाटायचं. पण जायचा नाही, आणि नाही गेला की चूक तिची. आकडा चुकला असेल, कोबी पुरता चोळला नसेल. पद्धत कधीच चुकत नव्हती. हळूहळू तिने सांगायचंच सोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड दाबणारा हातही तिचाच होता. तिने सगळं पोटात घातलं, आणि पोटाला नेमकं तेवढंच पचलं नाही.

“घरी नेऊन बघा,” गुरुवारी निघताना रेकॉर्डिस्टने तिच्या हातात काडेपेटीएवढं, आवाज टिपणारं एक यंत्र ठेवलं होतं. “जेवणानंतर वेगवेगळ्या वेळी लावून ठेवा, पोटाशी. कोणत्या वेळी गप्प असतं ते कळेल. ती वेळ धरून सोमवारी रेकॉर्डिंग करू. हा एकच धडा राहिलाय.” मग म्हणाला, “नाहीतर बाई, दुसऱ्या कोणाचा आवाज घ्यावा लागेल. मला नाही बरं वाटत, पण संस्थेचा नियम आहे.” दुसऱ्या कोणाचा आवाज. जिना उतरताना ते शब्द तिला टोचत राहिले. तिला नुसतं वाईट वाटलं नाही, राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. धड्याची टाईप केलेली पानं पिशवीत होती. त्यांत एक ओळ निळ्या पेन्सिलने खोडलेली होती. ‘फारच त्रास होत असल्यास काही दिवस भाज्या हलक्या वाफवून घ्याव्यात, आणि तरीही न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावं.’ तिने ती ओळ महिन्याभरापूर्वीच पाहिली होती. तेव्हा नवऱ्याला विचारलंही होतं, “अहो, ही का खोडली? चांगली आहे की.” तो वर न बघता म्हणाला होता, “शिबिरातल्या कागदावर होती, टाईप करणाऱ्याने जशीच्या तशी घेतली. एकदा वाफ आली की घरात चूल आली.” वाक्य इतकं ठसक्यात होतं, की तिने ते मनातल्या मनात वाचून बघितलं होतं, कुठे श्वास घ्यावा लागेल म्हणून.

शुक्रवारी तिने यंत्र दिवसभर लावलं. सकाळी फळांनंतर, दुपारी, संध्याकाळी. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून (स्वयंपाकघर हे नाव अजून होतं, स्वयंपाक नव्हता) यंत्र पोटाशी धरायचं आणि घड्याळाकडे बघायचं. नवऱ्याने विचारलं, “काय गं ते?” ती म्हणाली, “ऑफिसचं आहे. आवाजाची तपासणी.” खोटं नव्हतं. जेवणानंतर तिने ते पुन्हा सुरू केलं, तेवढ्यात तो आतून म्हणाला, “साडेसात झाले. फिरून ये, बरं वाटेल.” रोज म्हणायचा. तिला त्याचं ते म्हणणं आवडायचं. एवढी एकच काळजी तो न चुकता घ्यायचा. तिने घाईने यंत्र टेबलावर फळांच्या टोपलीमागे ठेवलं, चपला घातल्या आणि गेली. बंद करायचं राहून गेलं. ज्या बाईने बावीस वर्षांत एकदाही माईक सुरू ठेवून खोली सोडली नाही, तिच्या हातून ते राहून गेलं.

शनिवारी फिरायला जाताना तिने यंत्र आणि हेडफोन बरोबर घेतले. वळणावर बंद पडलेल्या कारंज्याशी एक बाक होतं. पाय चालायला तयार नव्हते, म्हणून बसली आणि ऐकायला लागली. सकाळचं पोट: बरं. दुपारचं: वाईट. संध्याकाळचं: फारच वाईट, नळात हवा अडकल्यासारखं. ती कागदावर वेळा टिपत गेली. आपल्याच आतड्यांना असं तारीखवार ऐकणं चमत्कारिक होतं, पण तिला त्यात रस वाटायला लागला. तिला कळलं, की हा आवाज काही दुष्ट नाही. तो नुसता परत परत तेच सांगतोय, कोणी ऐकत नाही म्हणून. मग नवऱ्याचं ‘फिरून ये’, चपलांची सरसर, दाराची कडी. आता संपेल, असं वाटून तिने बोट बटणावर नेलं. संपलं नाही. काही वेळ नुसती खोली होती. रिकाम्या खोलीचा आवाज तिला ओळखता यायचा. प्रत्येक खोलीचा वेगळा असतो, आणि हा तिच्या घराचा होता, तिच्यावाचूनचा. असा तिने तो कधी ऐकला नव्हता. मग दार वाजलं, हलकंच, सवयीने. खालच्या वन्संचा आवाज. “गेली?” “गेली.” घट्ट झाकण निघाल्याचा फट्ट आवाज, खुर्ची, चमचा. आणि मग तिने जे ऐकलं, ते तिला आधी कळलंच नाही. तीनदा मागे नेऊन ऐकलं. लांब, सावकाश, ओठांचा चंबू करून सोडलेला श्वास. पुन्हा. पुन्हा. तो फुंकर घालत होता. कच्च्या गाजरावर कोणी फुंकर घालत नाही.

त्यानंतर चावण्याचा आवाज नाही. कुडुम कुडुम नाही, करकर नाही. जे काय होतं ते मऊ होतं, जिभेवर विरघळत होतं, आणि चमचा तळ खरवडत होता. बत्तीस सोडा, तो दोनदासुद्धा चावत नव्हता. हे कान तिला कशाला दिले होते देवाने, असं तिला वाटलं. दुसऱ्या बाईला एवढं कळलंच नसतं. वन्सं म्हणाल्या, “तिला कधी सांगणार आहेस? वर्ष होत आलं.” त्याने फुंकर घातली. “तोंड बघ तिचं कसं ओढलंय. पोट धरून जिना चढते. मी बघते ना.” तेव्हा तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती, जेवणाऱ्या माणसाची नुसती सुस्ती होती, “मला का ठाऊक नाही? रात्रभर चालू असतं तिचं. म्हणून तर कापूस घालून झोपतो.” “मग सांग की रे बाबा.” “आणि रविवारी काय सांगू? चाळीस माणसं येतात अक्का. माझ्या गोळ्या चालू आहेत, माझं उदाहरण देऊन भागत नाही. तिला एक गोळी नाही. तीन वर्षं नुसत्या कच्च्यावर आहे, तक्रार नाही. तीच तर माझा पुरावा आहे.” वन्संनी जिभेने चक् केलं. नंतर म्हणाल्या, “आणखी वाढू?” तो म्हणाला, “वाढ.”

कापूस. तिला वाटायचं, त्याला वारा सोसत नाही. दर आठवड्याला कापसाची गुंडाळी तीच आणायची. त्याच्या उशीशी पडलेले बोळे सकाळी तीच उचलायची, आणि एकदा तर तिने त्याला विचारलं होतं, “दुखतो का हो कान?” तर तो म्हणाला होता, “नाही गं, सवय.” त्याने चोरून खाल्लं याचं तिला, खरं सांगायचं तर, एवढं काही वाटलं नाही. भुकेल्या माणसाने खाल्लं. म्हातारपणी जीभ फितूर होते. तो येऊन म्हणाला असता, की अगं मला नाही जमत, तर ती हसली असती, खाली जाऊन शेगडी उचलून घेऊन आली असती, त्या उजळ चौकोनावर नेमकी बसवली असती. पण त्याने तिचं ऐकलं होतं. तिला इतके दिवस वाटत होतं की आपण लपवतोय, आणि त्या लपवण्याला ती मनात प्रेम म्हणत होती. तो सगळं ऐकत होता आणि कापूस घालत होता. बाकावर बसल्या बसल्या तिचं पोट पुन्हा बोललं, मोठ्याने. समोरून जाणाऱ्या माणसाने वळून बघितलं. आत्ता, या क्षणी, वर घरात झाकण निघालं असेल. तिने घड्याळ पाहिलं. पाऊण तासाला अजून वीस मिनिटं होती, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की ती ती वीस मिनिटं बसून राहिली. त्याचं जेवण अर्धवट राहू नये म्हणून की काय, हे तिला स्वतःला विचारायचं धाडस झालं नाही.

रविवारी सकाळी त्याच्या व्याख्यानाला नेहमीच्या दालनात ती नेहमीच्या खुर्चीत बसली, पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी. कच्चेकाका छान बोलला. नकाशे काढणारा माणूस, फळ्यावर पोटाची आकृती काढली की बघत राहावं. मग तो म्हणाला, “माझं सोडा. हिच्याकडे बघा,” आणि चाळीस माना वळल्या. एका जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाईंनी विचारलं, “वहिनी, माझं पोट फार फुगतं हो. महिना झाला. तुमचं किती दिवसांत शांत झालं?” तिला फक्त तोंड उघडायचं होतं. नवरा तिच्याकडे बघत होता, निर्धास्त; आपण ठेवलेली वस्तू जागच्या जागी आहे, हे बघणाऱ्या माणसासारखा. ती हसली. नुसती हसली, आणि त्या बाई समाधानाने खाली बसल्या. त्या हसण्याबद्दल तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की घरी येऊन तिने तोंड धुतलं.

सोमवारी स्टुडिओच्या कँटीनमध्ये तिने सूप मागवलं. वाढणारी बाई म्हणाली, “आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा? तुमचा तर डबा असतो ना, पाल्याचा?” ती म्हणाली, “आज नाही.” वाटीतून वाफ येत होती. चेहऱ्यावर वाफ घेत ती क्षणभर बसली, आणि पहिला चमचा तसाच तोंडात घातला. फुंकर घालायची असते, हे ती विसरून गेली होती. जीभ चांगलीच पोळली, डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने वाटी संपवली, तळ खरवडून.

काचेच्या खोलीत तिने पानं लावली, घड्याळ काढून ठेवलं. पोळलेल्या जिभेमुळे शब्द किंचित जाड येत होते, ते फक्त तिला कळत होतं. बदाम भिजवणं झालं, कोबी चोळणं झालं, आलं झालं, चालणं झालं. खोडलेल्या ओळीशी ती थांबली नाही. ‘फारच त्रास होत असल्यास काही दिवस भाज्या हलक्या वाफवून घ्याव्यात, आणि तरीही न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावं.’ जाड भिंगाच्या बाईंना ऐकू जाईल इतकं स्पष्ट. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने समोरच्या पानावर बोट ठेवलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. मग ते वाक्य आलं. ‘आठ दिवसांत पोट शांत होतं.’ तिने ते वाचलं. आत काही हललं नाही. तीन वर्षं बोलणारं पोट एका वाटीवर गप्प बसलं होतं.

“वा! एकदम स्वच्छ बाई,” रेकॉर्डिस्ट खुशीत म्हणाला. “हेच ठेवतो.”

“नको. एवढं शेवटचं वाक्य गुरुवारचं ठेवा.”

“गुरुवारचं?” त्याला वाटलं, तिचं काही चुकतंय. “अहो, त्यात पोट आहे.”

“आहे ना. तेच ठेवा.”

तो चष्मा काढून पुसायला लागला. “बाई, बावीस वर्षांत तुमचं असं एकही रेकॉर्डिंग बाहेर गेलेलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकू जास्त येतं. पहिल्या झटक्यात ओळखतील.”

“ओळखू देत.”

“आणि लेखक? मंजुरीसाठी आधी त्यांच्याकडे जाणार. ते ऐकतील, नि परत पाठवतील.”

तिने पानं गोळा केली, कडा जुळवल्या. “नाही पाठवणार,” ती म्हणाली. “ते कानात कापूस घालतात.”